उतरवताना सोडलेली ओळ

वही वेळेआधी संपली.

दोनशे पानांची वही सहा महिने पुरते, हे आमच्या घरातलं ठरलेलं गणित. या वेळी साडेचार महिन्यांतच मी एकशे नव्वदाव्या पानावर येऊन ठेपले, आणि तो परत यायला अजून सहा आठवडे होते.

तो म्हणजे माझा नवरा. मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी, पुन्हा सहा महिने पाण्यावर. आणि वही म्हणजे बुलेट जर्नल. वन्सं, म्हणजे त्याची थोरली बहीण, तिला 'टिंबांचं पुस्तक' म्हणतात. नाव तसं चुकीचं नाही. वहीत ओळी नसतात, पानभर फिकट ठिपके असतात. प्रत्येक कामापुढे आपण एक ठळक टिंब द्यायचं. काम झालं की टिंबावर फुली. राहिलं तर टिंबाचा बाण करायचा आणि तेच काम पुढच्या महिन्याच्या पानावर पुन्हा हाताने लिहून काढायचं. पुन्हा राहिलं, पुन्हा बाण. एखादं काम असं पाच-सहा महिने पुढे सरकत राहिलं की लिहिताना आपलीच आपल्याला लाज वाटायला लागते. मग माणूस एक तर ते करून टाकतो, नाहीतर सोडून देतो. सगळी युक्ती एवढीच.

लग्न झालं तेव्हा तो अशी वही ठेवत होता. इंजिनरूमच्या नोंदवहीची सवय. मी ती त्याच्याकडून उचलली, आणि माझ्यासारखीच्या हातात ती पडायला नको होती असं आता कधी कधी वाटतं. मी आठवड्यातून तीन दिवस पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत जाते. नमुन्यांच्या बाटल्यांवर तारीख, वेळ, तापमान लिहिते. घरी आले की मुलीच्या बाबतीत तेच. किती वाजता झोपली, किती वाजता उठली, किती घास पोटात गेले, किती भिंतीवर. द्राक्षाचे चार तुकडे करून देते आणि वहीत 'द्राक्षं ५, तुकडे २०' असं लिहिते. वन्संनी एकदा ते पान वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, पोर वाढवतेस की मुद्देमाल सांभाळतेस?"

पोरीला आम्ही ठिपकी म्हणतो. पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी त्याने वहीत नुसतं एक टिंब दिलं होतं. पुढे काय लिहावं ते त्याला सुचलं नाही. तेच नाव पडलं.

तो तिकडे त्याची वही लिहितो, मी इकडे माझी. घरी आला की पहिले दोन दिवस आम्ही वह्यांची अदलाबदल करून एकमेकांची वाचतो. टेबलाच्या दोन बाजूंना बसून, चहा गार होईपर्यंत. मधेच एखादा हसतो आणि दुसरा मान वर करून विचारतो, कितवं पान? वन्संना हे बघवत नाही. लग्न केलंत की पत्रव्यवहार, असं त्या आम्हाला तोंडावर विचारतात.

याचे आमचे दोन नियम आहेत. एक, तो समुद्रावर असताना वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, वहीत लिहायची. त्याच्या आधीच्या जहाजावर एकाने घरी कोणी आजारी असल्याचं ऐकलं आणि त्याच डोक्याने तासाभरात जाऊन विजेचं पॅनेल उघडलं. हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून त्याचं म्हणणं, जे मी इथून निस्तरू शकत नाही ते मला इथे कळायला नको. मला हे पटलं होतं. पॅनेलसमोर उभा असताना त्याचं मन माझ्या फोनमध्ये अडकलेलं आहे, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

दुसरा नियम जुन्या वहीवरून नव्या वहीवर जाण्याचा. जायच्या आदल्या दिवशी दोघांच्या नव्या वह्या निघतात. जुन्या वहीत राहिलेली कामं नव्या वहीत उतरवायची असतात, आणि ती आपली आपण उतरवायची नाहीत. त्याची मी, माझी तो. कारण आपण आपल्याशी फार मऊ असतो. पहिल्या वर्षी तो दातांच्या डॉक्टरकडे जायचं काम आठ महिने बाण देऊन पुढे ढकलत होता, आणि वन्सं दातांच्याच दवाखान्यात मदतनीस आहेत. दुसऱ्याने उतरवायला लागल्यापासून बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या. उतरवणाऱ्याने नवं काही घालायचं नाही, पण त्याला जे फुकटचं ओझं वाटेल ते तो सोडू शकतो, आणि ज्याची वही आहे त्याने तक्रार करायची नाही. मी त्याचं 'माउथ ऑर्गन शिकणे' सोडलं. त्याने माझं 'पडदे धुणे' सोडलं, दयेपोटी. आणि विचारायचं नाही. का लिहिलंस, का सोडलंस, काही नाही. सुरुवातीला विचारायचो, तेव्हा एका दुपारी तीन ओळी उतरवताना दोन भांडणं झाली होती. म्हणून तोंड बंद ठेवून लिहायचं ठरलं.

मागच्या वेळी, साडेचार महिन्यांपूर्वी, आम्ही असेच बसलो होतो. ठिपकी दहा महिन्यांची होती आणि टेबलाखाली त्याच्या चपलेचा पट्टा चघळत होती. त्याच्या जुन्या वहीत सात महिने बाण खात आलेली एक ओळ होती. 'वर्कशॉपचा अर्ज.' त्याच्या कंपनीचं बंदरावर एक वर्कशॉप आहे. जहाजांच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात, त्यांची तार उलगडून नवी गुंडाळायची. सकाळी आठला जायचं, संध्याकाळी सहाला घरी. तिथला एक जुना कारागीर निवृत्त होणार होता.

ती ओळ मी पुष्कळ वेळ बघत बसले. सात महिन्यांतल्या सातही ओळी मी मागे जाऊन शोधल्या. पहिल्यांदा लिहिली होती ती ठिपकी तीन महिन्यांची असताना, मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून. मग रेघ गेली. मग अक्षर बारीक होत गेलं. शेवटच्या महिन्यात तर ती पानाच्या तळाशी, 'मोजे' आणि 'नखं कापायचं यंत्र' यांच्या मधे कशीबशी बसवली होती. मला पाण्यातला गढूळपणा आकड्यांत मोजायची सवय आहे. मी अक्षराचा आकार मोजला आणि निष्कर्ष काढला. हे त्याला नको आहे. आपल्या मनाविरुद्ध तो हे माझ्यासाठी लिहितोय, मूल झालं म्हणून, बाप झाला म्हणून. त्याला समुद्र आवडतो. आवडतो हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. मी जर ती ओळ माझ्या अक्षरात उतरवली तर ती माझी आज्ञा होईल, आणि पुढची वीस वर्षं तो मोटारी गुंडाळत माझ्याकडे बघेल.

मी 'मोजे' उतरवले. 'नखं कापायचं यंत्र' उतरवलं. मधली ओळ सोडली. त्याला खरंच हवं असेल तर तो आपल्या हाताने लिहील, असं मी मनाशी म्हटलं.

त्याने नवी वही घेतली, पान वरून खाली वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि वही बॅगेत ठेवली. त्याचे खांदे सैल पडल्यासारखे दिसले मला. मी त्याला सुटका म्हटलं. त्या दिवशी मी माझ्या वहीत काहीच लिहिलं नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी किती वेळा मनातल्या मनात सहा वाजता दाराची कडी वाजवून घेतली असेल.

तर आता माझी वही संपली होती आणि उतरवून द्यायला तो नव्हता.

नवी वही मी दोन दिवस नुसती घेऊन बसले. आपलं आपण उतरवायचं जिवावर आलं. मग रविवारी ठरवलं, फोनवर करू. जहाज आठ-नऊ दिवसांतून एकदा किनाऱ्याजवळून जातं, तेव्हा तासभर रेंज मिळते. मी वाचेन, तो 'घे' किंवा 'सोड' म्हणेल. लिहीन मी, पण ठरवेल तो. नियमात बसवता येईल एवढं.

रविवारी वन्सं येतातच. आल्या आल्या ठिपकीच्या तोंडात बोट घालून दात मोजतात आणि गेल्या रविवारपेक्षा कमी भरले तर माझ्याकडे संशयाने बघतात. त्या दिवशी सात भरले. ठिपकी दुपारची झोपली, वन्सं पलंगाशी भिंतीला टेकून फ्रॉकची खालची शिवण उसवत बसल्या, आणि तीन वाजता फोन आला. मी फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला, कारण एका हातात जुनी वही आणि दुसऱ्या हातात पेन होतं.

पहिली दहा मिनिटं मजेत गेली. तो तिकडून एखाद्या लिलाववाल्यासारखा 'घे', 'सोड', 'सोड', 'घे' करत होता. 'बाल्कनीच्या जाळीला दुसरी जाळी' त्याने सोडायला लावलं. पहिल्या जाळीतून मुंगीही जात नाही, म्हणाला. 'गॅसची नळी बदलणे' घे. 'वन्संची मोठी कात्री परत करणे' वाचलं तेव्हा पलंगाकडून आवाज आला की हे सोडलं तर मी ही वही त्याच कात्रीने कापीन, आणि ते तिघांच्या संमतीने घेतलं गेलं.

मग मी वाचलं, 'प्रयोगशाळेत पूर्ण वेळ कामाचं विचारणे.' चार बाण.

"घे," तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "मी नाही सोडणार तुझं."

मी पेन उचलून धरलं. "तुझं म्हणजे?"

"काही नाही. पुढचं वाच."

विचारायचं नाही असा नियम होता, आणि त्या दुपारी तो मी मोडला. अक्षराचा आकार मोजण्यापेक्षा विचारलेलं बरं हे कळायला मला साडेचार महिने लागले. मी म्हटलं, मी तुझं काय सोडलं?

फोनमधून इंजिनाची ती कायमची घरघर येत होती. तो म्हणाला, वर्कशॉप. आणि मग एकदम सगळं बोलला, जसा तो कधीच बोलत नाही. सात महिने तो ते पुढे ढकलत होता कारण त्याला भीती वाटत होती. जहाजावरचा माणूस जमिनीवर किती कामाचा असतो कोण जाणे. त्याने ठरवलं होतं की या वेळी मी ती ओळ उतरवली की दुसऱ्या दिवशी, जहाजावर चढायच्या आधी, कंपनीच्या कचेरीत जाऊन अर्ज द्यायचा. फॉर्म भरून बॅगेत ठेवला होता. मग वही उघडली तर ओळ नाही.

"मला वाटलं, तुला मी घरी नको आहे," तो म्हणाला. "म्हणजे वाईट अर्थाने नाही. तुमचं दोघींचं एक चाललेलं असतं. तुझ्या वेळा ठरलेल्या. मी आलो की सगळं उलटंपालटं होतं. फोनवर पण तू किती खुशीत असतेस. मी म्हटलं, हिला जमलंय. आपण कशाला मधे यायचं."

मी विचारलं, फॉर्म कुठे आहे.

फॉर्म बॅगेतच होता. जागा मात्र गेल्या महिन्यात भरली. दुसऱ्या जहाजावरचा कोणी एक.

पलंगाकडची कात्री थांबली होती. वन्सं माझ्याकडे बघत नव्हत्या, फ्रॉककडे बघत होत्या. जागा गेली याच्यापेक्षाही मला ते 'फोनवर खुशीत असतेस' लागलं. कारण ते खरं होतं. मी प्रत्येक फोनच्या आधी तोंड धुते, एक ग्लास पाणी पिते आणि मग उचलते. नियम म्हणून. आणि त्याने माझ्या त्या धुतलेल्या आवाजावरून माझ्याशिवायच हिशेब मांडला होता, जसा मी त्याच्या बारीक अक्षरावरून मांडला.

मी जुनी वही मागे उलटली. एकशे चार ते एकशे सात. ही चार पानं तो घरी आल्यावर वाचणार होता, टेबलाच्या पलीकडे बसून, मी समोर असताना. मी म्हटलं, मी तुला काहीतरी वाचून दाखवणार आहे, आणि तू आज पॅनेल उघडायचं नाहीस.

"काय झालंय?"

"आत्ता काही नाही. ती झोपलीय, समोर आहे, सात दात आहेत. आधी शपथ घे."

त्याने ड्यूटी संपलीय म्हणून सांगितलं. मी वाचायला लागले. आवाज मी नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या ओळीला सोडून दिला.

गुरुवार. सकाळी नऊ, अंग कोमट, दूध अर्धं. अकरा, ताप एकशे एक, औषध दिलं. साडेबारा, एकशे तीन. बारा एकेचाळीस, डोळे वर गेले. हाक दिली, ओळखत नाही. हात-पाय ताठ, मग झटके. ओठ निळे. झटका चार मिनिटं, बहुतेक. मग एकदम ढिली पडली, मला वाटलं गेली. शेजारच्या शिक्षिकेने गाडी काढली. एक वाजून पाच, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, तापात काही मुलांना येतो असा झटका, बहुतेकांना पुढे काही होत नाही, पण एक दिवस ठेवून घेऊ. वन्सं आल्या. मी त्यांच्या अंगावर ओकले.

"माझी नवी साडी होती," वन्सं शिवणीकडे बघत म्हणाल्या, आणि कात्री पुन्हा चालायला लागली.

पुढची तीन पानं सगळी आकड्यांची होती. दर अर्ध्या तासाचा ताप, तीन दिवस. वही वेळेआधी संपली ती त्यानंतरही कित्येक आठवडे लिहीत राहिलेल्या असल्याच आकड्यांनी. ते मी वाचले नाहीत.

तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला. त्याने तारीख विचारली. मी सांगितली. आणखी पानं उलटली.

"या दिवशी मी तुला फोन केला होता," तो म्हणाला, आणि त्याने आपल्या वहीतलं वाचलं. "चार वाजता घरी बोललो. दोघी मजेत. ही आज खूप हसत होती. मागे टीव्ही चालू."

तो टीव्ही नव्हता. तो दवाखान्यातला बोळ होता आणि ट्रॉलीची चाकं. आणि मी हसत होते हे मला आठवत होतं. काय विनोद झाला होता तेही आठवत होतं. जहाजावरच्या आचाऱ्याने मीठ समजून कपड्याच्या साबणाची पूड घातली होती. मी एका हाताने भिंत धरून हसले होते.

"आता तू ऐक," मी म्हटलं. "मला तू घरी हवा आहेस. दोन महिन्यांसाठी नाही. रोज. मी हे कधी म्हटलं नाही कारण मला वाटलं, न म्हणता तू आलास तरच ते खरं. मला जमत नाहीये. मी जमवते, पण मला जमत नाहीये."

हे मी वन्संच्या देखत बोलले. एरवी मी त्यांच्या देखत त्याचं नावही घेत नाही.

त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाला, जागा तर गेली. म्हणाला, पुढच्या बंदरात कचेरीला मेल टाकतो, नाव लावून ठेवतो, पण ते लोक कधी विचारतील काही सांगता येत नाही, वर्ष, दोन वर्षं. मग म्हणाला, तिला जरा उठव ना. आणि लगेच, नको, झोपू दे. आवाज तुटायला लागला होता. मला शेवटचं ऐकू आलं ते 'सांगायला हवं होतं', पण मी की त्याने, ते मला कळलं नाही. विचारेपर्यंत फोन बंद झाला.

वन्संनी दोरा दाताने तोडला. दातांच्या दवाखान्यात काम करणारी बाई दुसऱ्या कोणाला हे करू देत नाही.

"आमचा हा बारक्या लहानपणापासून असाच," त्या म्हणाल्या. "पानात वाढलं नाही तर मागायचा नाही. भुकेला उठायचा, पण मागायचा नाही. आई म्हणायची, याला पोट भरलं का विचारू नका, वाढत जा."

मी पेनाला टोपण लावलं.

"आणि तू वाढताना हात आखडलास," त्या म्हणाल्या. रागाने नाही. फ्रॉक झटकून घडी घातली, उठून माझ्यापाशी आल्या आणि माझ्या पाठीवर नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा हात जड आहे. तो काढू नये असं वाटत होतं, पण पलंगावर ठिपकी उठल्याची चुळबुळ ऐकू आली आणि त्या तिला उचलून आत गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला, नुसता एकदा. त्याचा मेसेज होता. रेंज अजून थोडी शिल्लक असणार.

'चार मिनिटं, बहुतेक, असं का लिहिलंस? तू बहुतेक लिहीत नाहीस.'

मी कितीतरी वेळ ते वाचत राहिले. साडेचार महिन्यांत माझी वही पुष्कळांनी पाहिली होती. डॉक्टरांनी ती चार पानं चाळून कौतुकही केलं होतं, अशी आई असली की आमचं काम सोपं होतं म्हणाले. तो एक शब्द कोणाला दिसला नव्हता.

मी लिहिलं, 'झटका आला तर मुलाला कुशीवर धरायचं आणि किती वेळ चालला ते घड्याळात बघायचं, असं असतं. मी आधीच वाचून ठेवलं होतं. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. तिला धरून मला वळता येईना. सोडून वळवेना. दोन माणसं लागतात त्याला.'

पाठवलं. मेसेजपुढे एक टीक आली. मी दुसरीची वाट बघितली. आली नाही. जहाज पुढे गेलं असणार. पुढचं बंदर नऊ दिवसांवर होतं हे मला माहीत होतं, तरी मी फोन उलटा करून ठेवू शकले नाही.

आत वन्सं ठिपकीला सांगत होत्या की तिचा बाप गाढव आहे आणि आई त्याहून, आणि ठिपकी त्याला मनापासून होकार देत होती. मी नवी वही पुढे ओढली. राहिलेली कामं मीच उतरवली, 'घे' म्हटलेली आणि ज्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही तीही. गॅसची नळी. कात्री. पूर्ण वेळ काम. लस, पुढच्या महिन्याच्या चार तारखेला. काही सोडलं नाही, सोडायचा धीर नव्हता. मग पानांना आकडे घालायला घेतले. ते आधीच घालून ठेवायचे असतात, नाहीतर मागचं काही शोधता येत नाही. खाली कोपऱ्यात, लहान अक्षरात, एक, दोन, तीन.

दर दहा पानांनी मी फोनकडे बघत होते. साठाव्या पानाला ठिपकी रांगत येऊन माझ्या पायाला बिलगली आणि मी तिला मांडीवर घेतलं. डाव्या हाताने तिला धरून उजव्या हाताने लिहीत राहिले. तिने एकशे बाराव्या पानावर लाळेचा ठसा उमटवला. वन्सं चहा ठेवून गेल्या, आणि जाताना फोनकडे बघून गेल्या. एकशे साठला खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. दोनशेला एकच टीक होती.